मोर्चातला जास्तीचा चेहरा

१

"मोर्चात सगळ्यांनी माझ्या मुलीचा चेहरा लावला होता," नर्सची आई म्हणाली, "पण त्यातली एक ती नव्हती."

वकीलबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. समोरचं माणूस काही विचित्र बोललं की त्या चष्मा पुसत. त्याला वाटे बाई विचारात पडल्या, आणि बाईंना तेवढीच उसंत मिळे.

"म्हणजे एकाने मुखवटा लावला नव्हता?"

"लावला होता की. तिचाच लावला होता. पण ती नव्हती ती. तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कुणी. माझ्या अगदी जवळून गेली. अंगावर काटा आला माझ्या."

खालच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात कुणीतरी चाक ठोकत होतं. शेजारी बसलेल्या आक्कांनी बाईंकडे पाहून हळूच मान हलवली. पोटची पोर गेल्यापासून हिचं असंच चाललंय, असा त्याचा अर्थ.

आक्का आल्या होत्या भावासाठी. भाऊ मुखवटे करायचा. नाटकवाले, शाळा, जादूगार, सगळे त्याच्याच अंगणात यायचे, आणि लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणायचे. बायको गेल्यावर त्याचा संसार आक्कांनी सांभाळला होता. कागद फाडायचा, खळ शिजवायची, भावाला जेवायची आठवण करायची. आता तो दहशतविरोधी कायद्याखाली आत होता.

सगळ्याची सुरुवात नर्सपासून झाली होती. मोठ्या दवाखान्यातली ही पोरगी रस्त्यावर धरणं धरून बसलेल्यांच्या जखमा बांधायला गेली आणि त्यांच्याबरोबरच गाडीत घातली गेली. त्या कायद्याचं गणितच उफराटं. एरवी चोरी झाली तर ती आरोपीने केली हे सरकारने शाबीत करायचं. इथे आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाही. आपण काही केलं नाही हे आरोपीनेच दाखवायचं, तेही गजाआड बसून. नर्सला ते दाखवायची संधीच मिळाली नाही. जामिनाचा अर्ज सुनावणीला येण्याआधीच ती कोठडीत वारली. छातीत कळ आली, असं सांगण्यात आलं.

त्यानंतर निघाला तो मूक मोर्चा. घोषणा नाहीत, फलक नाहीत. फक्त माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडावर त्या मेलेल्या पोरीचा चेहरा. बाईंनी तो आपल्या खिडकीतून पाहिला होता. भरदुपारी दुकानदारांनी न सांगता शटरं अर्धी ओढली होती. एकच चेहरा वळणावरून येतोय, येतोय, संपतच नाही. त्याचे डोळे कुणाकडेच बघत नव्हते आणि तरी प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याकडेच बघताहेत.

पोलिसांच्या विशेष शाखेच्या कार्यालयासमोर त्यातला एक चेहरा रांगेतून बाजूला झाला. शांतपणे पायऱ्या चढला. पेटती बाटली दारात फेकली आणि बाजूच्या बोळात नाहीसा झाला. दारावरच्या पहारेकऱ्याचे दोन्ही हात आणि मान भाजली. पायरीवर एक मुखवटा पडलेला सापडला, आणि दिवेलागणीच्या आत पोलीस मामाच्या दारात उभे राहिले.

"त्याने नाही हो केलं," आक्का म्हणाल्या. "मुंगी मेली तरी हळहळणारा माणूस तो."

"मोर्चात मामा कुठे होते?"

"होता मधेच कुठेतरी. मुखवटा लावून."

"कोणी पाहिलं?"

पाहिलं सगळ्यांनीच होतं. पण पाहिला होता तो एकच चेहरा.

२

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत मधे जाळी होती. मामा पलीकडे येऊन बसले आणि बोलायच्या आधी स्वतःच्या गालावरून बोटं फिरवू लागले, जणू आपला चेहरा जागेवर आहे की नाही ते चाचपताहेत.

"मामा, तुम्ही जबाबावर सही केलीत. 'मुखवटा माझ्या हातचा आहे' म्हणून."

"आहेच तो माझ्या हातचा."

बाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "तुम्ही तो पाहिलात?"

"पालथा पाहिला. विशेष शाखेच्या साहेबांनी टेबलावर उपडा ठेवला होता. आतली बाजू वर. कागदाच्या पट्ट्या कशा टाकल्यात ते दिसलं. आधी आडवी, मग उभी, मग तिरकी. कडेला दुमड. आणि खळीला वास येत होता मोरचुदाचा अन् कापराचा. मोरचूद सगळेच घालतात, वाळवी लागू नये म्हणून. कापूर घालणारा मी एकटा. प्रयोगशाळेनेही तेच लिहून दिलंय म्हणे."

"मग मोर्चासाठी तुम्ही दिलेल्यांपैकीच तो एक?"

"ते कसं होईल? मी दिलेले सगळे परत आले ना! अंगणात एकेकाला माझ्या हाताने बांधला होता, ओळखीचं माणूस बघून. परत आल्यावर माझ्याच हाताने सोडला. आक्काने आणि मी रचून ठेवले. एकही कमी नव्हता."

"म्हणजे तुमचे सगळे घरी, आणि तरी तुमचाच एक पायरीवर."

मामांनी मान डोलावली. मग ते जाळीजवळ सरकले. आवाज इतका खाली गेला की बाईंना कान लावावा लागला.

"बाई, आत दिवा विझवत नाहीत. झोप अशी नाहीच. साहेब येतात, गोड बोलतात. 'मामा, आठवा, पायऱ्या चढताना कसं वाटलं?' पुन्हा पुन्हा तेच. आता मला पायऱ्या दिसतात. हातात गरम बाटली असल्यासारखं वाटतं. मुखवटा माझा, हात माझा." त्यांचे डोळे भरून आले. "खरं सांगा. मीच फेकली असेल का हो ती?"

३

बाहेर पडल्यावर बाईंनी भररस्त्यात दोन मोठे श्वास घेतले. आरोपीने खोटं बोलावं, रडावं, शिव्या घालाव्यात, हे सगळं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं होतं. पण निर्दोष माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

मोर्चाची कल्पना नाटकाच्या मास्तरांची. तालमीच्या हॉलमध्ये ते एकटेच खुर्च्या उलट्या करून ठेवत होते. बाईंना पाहून त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी.

"माझं नाव कुठे येता कामा नये," ते म्हणाले.

"तुमचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, मास्तर. मला एवढंच सांगा, चेहरा नर्सचा असणार हे आधी कोणाकोणाला माहीत होतं?"

"मीच सगळीकडे सांगितलं होतं. गुपित कसलं त्यात? पण मुखवटा मात्र कोणी पाहिला नव्हता. मामाने अंगणाला कुलूप घातलं होतं. त्या दिवशी सकाळीच सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिला. मी सुद्धा."

"मामांनी तो कशावरून केला?"

"तिच्या आईने फोटो दिला होता. नर्सिंगच्या शाळेतून पास होऊन निघाली तेव्हाचा, फोटोग्राफरकडे जाऊन काढलेला."

म्हणजे पायरीवरचा मुखवटा आधी करून ठेवणाऱ्याला चेहरा कोणाचा हे माहीत होतं, पण मामांनी तो कसा केलाय हे माहीत नव्हतं. बाईंनी ते मनाशी नोंदलं.

"तुम्ही स्वतः मुखवटा करू शकता?"

"मी?" मास्तर पहिल्यांदाच हसले. "मला पाकीट धड चिकटवता येत नाही. त्यापेक्षा त्या ड्रायव्हरला विचारा. प्रेत ताब्यात मिळालं तेव्हा सगळ्यांदेखत ओरडला होता, 'जाळून टाकीन त्यांना' म्हणून."

हा ड्रायव्हर म्हणजे नर्सशी लग्न ठरलेला मुलगा. दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचा. गाडीच्या मागच्या दारात पाय सोडून तो बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "पुन्हा म्हणेन. पण जाळलं नाही. त्या पहारेकऱ्याला दवाखान्यात मीच नेलं. मोर्चातून पळत गाडीकडे गेलो आणि त्याला उचलून घातला. दोन्ही हातांची सालं निघाली होती त्याच्या. ती असती तर तिने आधी त्याचेच हात धरले असते."

"तिचे फोटो आहेत तुमच्याकडे?"

त्याने फोन छातीशी धरला. "आहेत. पण दाखवणार नाही."

"का?"

"कारण तुम्ही लोक सगळं घेऊन जाता आणि परत देत नाही," असं म्हणून त्याने गाडीचं दार धाडकन लावून घेतलं.

४

आरोपपत्राबरोबर मुखवट्याचा रंगीत फोटो आला. बाईंनी नर्सच्या आईला बोलावून घेतलं. आक्कांनी आपण होऊनच मामांच्या अंगणातला एक मुखवटा कापडात गुंडाळून आणला होता.

आईने पोलिसांचा फोटो हातात घेतला मात्र, झटका बसल्यासारखा खाली टाकला.

"हीच. हीच ती दुसरी."

"ताई, नीट बघा. नाक तेच, ओठ तेच."

"सगळं तेच आहे हो! तरी ती नाही. माझ्या घरात शिरली तर मी दार उघडणार नाही तिला."

आक्कांनी पुन्हा मान हलवली. बाईंनी मात्र चष्मा पुसला नाही. एवढं ठामपणे बोलणारं माणूस वेडं असो की शहाणं, त्याच्या बोलण्याला काहीतरी बूड असतं. त्यांनी मुखवटा आणि फोटो शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडे डोळ्याखाली तीळ होता. मामांच्या मुखवट्यात डाव्या डोळ्याखाली. फोटोत उजव्या.

"तीळ कुठला खरा?"

"डावीकडचा," आई लगेच म्हणाली.

आणखी एक गोष्ट होती. फोटोतल्या मुखवट्याची डावी भुवई मधोमध तुटलेली होती, बारीक रेघ ओढल्यासारखी. मामांच्या मुखवट्यात दोन्ही भुवया अखंड.

"ही रेघ कसली?"

आईचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला. "त्या दिवशी सकाळी कपाटाचं दार लागलं तिला. रक्त आलं. मीच बोटाने दाबून धरलं होतं. 'राहा आज घरी' म्हटलं तर हसली आणि गेली. तशीच पकडली. प्रेत आलं तेव्हा खपली धरलेली होती तिथे." तिने फोटोवर बोट ठेवलं. "पण ते उजव्या भुवईला. ही डावीला आहे."

बाई फोटो घेऊन उठल्या आणि कोपऱ्यातल्या बेसिनवरच्या आरशासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी फोटो आरशाकडे धरला.

मागून आई किंचाळली. खुर्ची पडली.

आरशातून तिची मुलगी तिच्याकडे बघत होती.

५

"आता दाखवाच ते फोटो," बाई ड्रायव्हरला म्हणाल्या. "घेऊन जाणार नाही. तुमच्या हातातच राहू द्या."

नर्सने स्वतःच स्वतःचे काढून त्याला पाठवलेले फोटो होते ते. गणवेशात, टोपी घालून, जीभ काढून. प्रत्येकात तीळ उजव्या डोळ्याखाली, आणि गणवेशावरच्या बिल्ल्याची अक्षरं उलटी.

"तिचा फोन जुना होता," तो म्हणाला. "स्वतःचा फोटो काढला की आरशासारखाच उलटा यायचा. मी चिडवायचो, तुझा मोबाईलही डावखुरा."

"म्हणजे असा मुखवटा तुम्हीही करवून घेऊ शकला असता."

"हो," तो बाईंच्या नजरेला नजर देत म्हणाला. "शकलो असतो."

"नाही. यातल्या एकाही फोटोत भुवई तुटलेली नाही. तुम्ही प्रेत पाहिलंत. ती खूण तुम्हाला आठवणीने घालायची असती तर तुम्ही ती पाहिली तशी, उजव्या भुवईला घातली असती. इथे तीळही उलटा आणि जखमही उलटी. दोन्ही एकाच फोटोतून आलेत. आणि तो फोटो जखम झाल्यानंतर, पकडली जाण्याच्या आधी, तिच्याच फोनवर निघालाय."

ड्रायव्हरने फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"दुपारी फोन आला होता तिचा," तो म्हणाला. "हसत होती. 'कपाळाला लागलंय, फोटो काढलाय, पण पाठवणार नाही, उगाच गाडी जोरात हाकशील. संध्याकाळी दाखवते.' तेच शेवटचं बोलणं. मग फोन बंद झाला."

"पुढे तो फोन कुठे गेला?"

"विचारायला गेलो होतो. साहेब म्हणाले, तिच्याजवळ फोन नव्हताच."

बाईंना ते माहीत होतं. पोलिसांच्या कागदातही तसंच होतं. अटकेच्या वेळी आरोपीकडे काहीही मिळालं नाही. मग जो फोन कुणालाच मिळाला नाही, त्यातला फोटो मुखवटा होऊन मोर्चात कसा चालला?

फोन ज्याच्या हाती, चेहरा त्याच्या हाती. इथवर रस्ता सरळ होता. पुढे मात्र एक धोंड आडवी होती. पट्ट्या मामांच्या, दुमड मामांची, खळीत कापूर. फोनवाल्या माणसाकडे मामांचे हात कुठून आले?

संध्याकाळी त्या मामांच्या अंगणात गेल्या. आक्का जुने कागद फाडत बसल्या होत्या. गिऱ्हाईक यायचं बंद झालं होतं, तरी हातांना सवय.

"आक्का, मामांनी ही विद्या कोणाला शिकवली का हो?"

फाटणाऱ्या कागदाचा आवाज थांबला.

"नाही," आक्का म्हणाल्या.

त्या माउलीला खोटं बोलायची सवय नव्हती. कागद हातात तसाच अर्धा फाटलेला राहिला.

"एकालाच," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाला."

६

आक्कांचा मुलगा सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होता. ज्या प्रेतांची ओळख पटत नाही त्यांचे चेहरे तो मातीत घडवायचा. कवटीवरून, फोटोवरून, जे हाती येईल त्यावरून. मग त्या चेहऱ्यांचे फोटो गावोगाव पाठवायचे, कोणी ओळखतंय का बघायला.

त्याच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर माणसं. म्हातारी, तरणी, एक दाढीवाला, एक पोरसवदा. कोणाचीच नावं नाहीत. दिवस मावळतीला आला होता आणि तिरप्या उजेडात सगळ्यांच्या पापण्या आत्ता लवतील अशा वाटत होत्या. बाई दारातच थबकल्या. आक्का मात्र सरळ आत गेल्या आणि मुलासमोर उभ्या राहिल्या.

"तुझ्या मामाला जन्मभर आत ठेवतील," त्या म्हणाल्या. "बोल."

त्याने हातातली माती पुसली. पुसून झाल्यावरही पुसतच राहिला.

"विशेष शाखेचे साहेब स्वतः आले होते. फोटो दिला. म्हणाले, नदीत सापडलेली बाई आहे, बेवारस. या वेळी माती नको, कागदाचा कर, हलका. माणसाच्या तोंडावर लावून लोकांना दाखवायचाय, म्हणजे ओळखतील. मला काय, रोजचंच काम. मातीत चेहरा केला, त्यावरून साचा काढला, साच्यात कागद बसवला. खळ केली तशी लहानपणापासून करतो तशीच."

"तू नर्सला ओळखत नव्हतास?"

"नाव ऐकलं होतं. चेहरा मोर्चाच्या दिवशी पाहिला. इथल्या खिडकीतून." त्याचा आवाज फाटला. "मी केलेली बेवारस बाई रस्ताभर चालत होती, बाई. शेकड्यांनी."

"आणि तू गप्प बसलास? सख्खा मामा आत गेला तरी?" आक्कांनी विचारलं.

"बोललो तर माझ्यावर तोच कायदा लावतील. मुखवटा मी केलाय, हे खरंच आहे ना? मग मी काही केलं नाही हे मी कसं दाखवू? आई, तिथे कोणी ऐकत नाही. त्या पोरीचं ऐकलं का?"

आक्कांचा हात वर उठला. बाईंना वाटलं, मारतात आता. पण तो हात मुलाच्या गालावर जाऊन नुसताच टेकला.

"मी तुला जा म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "थांबही म्हणणार नाही. माझ्याच्याने दोन्ही होत नाही." आणि मागे वळून न बघता त्या निघून गेल्या.

बाई दारात रेंगाळल्या. "साचा कुठे आहे?"

"फोडून टाक म्हणाले होते साहेब."

"फोडलास?"

फळीवरचे सगळे चेहरे बाईंकडे बघत होते, तो तेवढा बघत नव्हता.

७

सुनावणीच्या दिवशी विशेष शाखेचे साहेब पहिल्या बाकावर होते. नीटनेटका माणूस, आवाज मऊ. आत जाताना त्यांनी बाईंसाठी दार धरलं.

"मॅडम, आरोपीने स्वतः कबूल केलंय की मुखवटा त्याचा आहे," ते म्हणाले. "आता आणखी काय राहिलं?"

बाईंनी तीळ सांगितला, भुवई सांगितली, फोनचं सांगितलं. न्यायाधीश म्हातारे होते, कंटाळलेले नव्हते. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "बाई, तर्क छान आहे. पण उलटा मुखवटा आरोपीनेही केला असू शकतो. पोलिसांकडे फोन होता याला आधार काय?"

बाईंकडे आधार नव्हता. त्यांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात मामा गालावरून बोटं फिरवत उभे होते.

तेवढ्यात ते दार उघडलं.

आक्कांचा मुलगा कापडात गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून आत आला. साहेब अर्धवट उठले, मग बसले. त्याने सगळं सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. मग कापड सोडलं आणि प्लास्टरचा साचा न्यायाधीशांसमोर उभा केला. पोकळ बाजू तिरकी, न्यायाधीशांना आणि लोकांना दोघांनाही दिसेल अशी.

साचा म्हणजे खड्डा, चेहऱ्याचा उलटा खळगा. पण सगळ्यांना दिसला तो खड्डा नव्हे. पांढरा, उठावदार, जिवंत चेहरा दिसला. न्यायाधीशांनी मान डावीकडे केली, तर तो डावीकडे वळला. उजवीकडे केली, तर मागोमाग उजवीकडे आला. त्यांनी घाईने खुर्चीची कड धरली. शिपाई दोन पावलं मागे सरकला, आणि तो चेहरा त्याच्याकडेही वळला.

"हीच," मागच्या बाकावरून नर्सची आई उठली. ती रडत नव्हती. "हीच माझी. बघा ना, डावीकडे तीळ. उजवी भुवई फुटलेली. त्या दिवशी अशीच गेली होती घरातून."

"साच्यात सगळं उलटं होतं," बाई म्हणाल्या. "उलट्याचं उलट झालं की सुलट. या माउलीने तो फोटो कधी पाहिलेला नाही. पोरीने तो कोणालाच पाठवला नव्हता. आता सीलबंद मुखवटा मागवा आणि या साच्यात बसवून बघा."

मुखवटा आणला. न्यायाधीशांनी तो स्वतः हातात घेतला आणि साच्यात ठेवला. पेटीवर झाकण बसावं तसा बसला. कुठे केसभरही फट नाही.



"तुमची खोली आत्ता, या क्षणी सील करतो आहे," न्यायाधीश साहेबांना म्हणाले. "तुम्ही इथून हलायचं नाही. आणि या मुलाला माझ्या परवानगीशिवाय कोणीही हात लावायचा नाही."

दुपार टळायच्या आत फोन सापडला, साहेबांच्याच कपाटात. त्यात तो फोटो होता. कपाळावर रक्ताचा थेंब, खट्याळ हसू. ड्रायव्हरला तो बघवला नाही. तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मामांना जामीन मिळाला. सुटका नव्हे, खटला अजून चालायचा होता. पण पिंजऱ्याचं दार उघडलं. आक्कांनी एका हाताने भावाला धरलं, दुसऱ्या हाताने मुलाला, आणि दोघांपैकी कोणालाच सोडेनात.

"मॅडम," जाता जाता साहेब मऊ आवाजात म्हणाले, "मुखवटा लावून पायऱ्या कोण चढलं, ते तुम्हाला अजून माहीत नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "ते शोधायचं काम तुमचं होतं."

बाहेर कोर्टाच्या पायऱ्यांवर गर्दी होती. वार्ताहर, वकील, मोर्चातली माणसं, नुसते बघे. मामा उन्हात डोळे मिचकावत उभे राहिले. एवढ्यात आक्कांनी बाईंचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"बाई, तो बघा. खांबापाशी."

एक सामान्य अंगकाठीचा माणूस उभा होता. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी. तो मामांकडे टक लावून बघत होता.

"हात भाजलाय त्याचा," आक्का पुटपुटल्या. "तोच असणार. बाटली फेकताना भाजला असेल. बघतोय कसा! पकडा त्याला, बाई! ओरडा! एवढी माणसं आहेत, पळून कुठे जाईल?"

खरंच एवढी माणसं होती. त्या दिवशी सगळ्यांचं रक्त तापलेलं होतं. बाईंनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी तो माणूस पायऱ्यांवरून जिवंत उतरला नसता. तोच असेल, असं त्यांचंही मन ओरडून सांगत होतं.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

"हात..."

"भट्टीवर काम करत असेल. घरी तेल उडालं असेल."

"आणि तोच असेल तर?"

"तर त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा होईल. आणि वकील लागेल त्यालाही."

आक्कांनी बाईंकडे अशी नजर टाकली की जणू समोर कोणी परकंच उभं आहे. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. हळूहळू दंडावरची त्यांची पकड सैल झाली.

खांबापाशी उभा असलेला माणूस एक पायरी उतरला, मग दुसरी. लोक आपापसात बोलत होते, कोणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. खाली रस्त्यावर पोचल्यावर त्याने एकदा मागे वळून पाहिलं. बाईंनी त्याचा चेहरा नीट पाहून घेतला. अगदी साधा चेहरा होता, कुठल्याही गल्लीत दिसेल असा. मग तो गर्दीत शिरला, आणि बाईंनी त्याला जाऊ दिलं.